बेक्ड पास्ता

बेक्ड पास्ता हा उकडलेला पास्ता, सॉस व चीज एकत्र करून भट्टीत भाजलेला, मूळचा इटालियन पदार्थ आहे. इटलीत त्यास 'पास्ता अल फोर्नो' म्हणतात. 'फोर्नो' म्हणजे भट्टी. थरांचा लझान्या हा त्याचाच एक प्रकार होय.

गहू

उत्तम पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्यापासून करतात. महाराष्ट्रात हा गहू बन्सी, बक्षी या नावांनी ओळखला जातो. त्याचा दाणा कठीण व पिवळसर असतो आणि कणीक घट्ट होते, त्यामुळे पास्ता उकळताना फुटत नाही. नाशिक जिल्ह्यात निफाड येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. तेथून प्रसारित झालेले 'पंचवटी' (एनआयडीडब्ल्यू-१५) व 'गोदावरी' (एनआयडीडब्ल्यू-२९५) हे वाण ड्युरमचेच आहेत. नावाने परका वाटला तरी पास्ता हा आपल्या शेवया व सरगुंड्यांचा चुलतभाऊच म्हणावा लागेल. बाजारातील काही स्वस्त पास्ता मात्र मैद्याचा असतो. वेष्टनावरील घटकांची यादी वाचून घेणे इष्ट.

हलका प्रकार

हा पदार्थ जड होतो तो पास्त्यामुळे नव्हे, तर पांढऱ्या सॉसमुळे. प्रचलित कृतीत अर्धा लिटर दुधास ५० ग्रॅम लोणी व तितकाच मैदा घेतात आणि वर १५० ग्रॅम चीज घालतात. हलक्या प्रकारात लोणी वगळून ३० ग्रॅम कॉर्नफ्लोअर थोड्या गार दुधात कालवतात व उकळत्या दुधात ढवळत सोडतात. लसूण परतण्यापुरते चमचाभर तेल लागते. चीज आत न मिसळता ५० ग्रॅमच किसून वर पसरतात. जिभेला ते तेथेच जाणवते. एवढ्याने चौघांच्या जेवणात सुमारे ६० ग्रॅम स्निग्धांश कमी होतो.

चौघांसाठी २०० ग्रॅम पास्ता व त्याच्या दुप्पट भाज्या घेतात. फ्लॉवर, गाजर, सिमला मिरची चालते. पालक वा दुधी घेतल्यास पाणी पिळून काढावे लागते, अन्यथा तळाशी पाणी साचते. अर्धा किलो पिकलेले टोमॅटो आटवून त्यांत भाज्या परतल्या की चीज कमी असल्याची उणीव भासत नाही. पास्ता वेष्टनावरील वेळेपेक्षा दोन मिनिटे कमी उकडतात, कारण भट्टीत तो सॉस शोषून मऊ होतो. १९० अंश सेल्सिअसला २० ते २५ मिनिटे भाजून दहा मिनिटे मुरू दिल्यास वड्या नीट कापता येतात.

ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवून, तीत तिवई ठेवून झाकणाखाली भाजता येते. यात वरचा थर तांबूस होत नाही. त्यासाठी पावाचा चुरा तव्यावर कोरडा परतून वरून भुरभुरतात.

आहारविषयक बाबी

'हलका' हे विशेषण स्निग्धांशापुरतेच खरे आहे. पिष्टमय भाग कायम राहत असल्याने मधुमेही व्यक्तींनी हा पदार्थ पोळी-भाताच्या जोडीला नव्हे, तर त्यांच्या जागी घ्यावा. चिजात मीठ बरेच असते. घरात कोणास रक्तदाबाचा विकार असेल तर सॉसमध्ये वेगळे मीठ घालू नये. गव्हातील ग्लूटेन न सोसणाऱ्यांना हा पदार्थ वर्ज्य आहे.