समरकंदशी आपले नाते कोणते?

उझबेकिस्तानच्या सहलीचे कोणतेही माहितीपत्रक उघडा, त्यात तीन याद्या सापडतात. धार्मिक स्थळांमध्ये इमाम बुखारी (रह.) आणि ख्वाजा बहाउद्दीन नक्शबंद (रह.) यांचे मजार. ऐतिहासिक स्थळांमध्ये समरकंदचे रेगिस्तान, तैमूरची कबर आणि खिवाचा तटबंदीतला जुना भाग. निसर्गामध्ये चिमगानचे डोंगर, किझिलकुमचे वाळवंट आणि आटून गेलेला अरल समुद्र. दिल्लीहून ताश्कंद विमानाने साधारण तीन तासांवर आहे. तिथून समरकंद आणि बुखाराला वेगवान रेल्वे जाते. खाणेपिणे ओळखीचे, माणसे आतिथ्यशील. त्यामुळे आपल्याकडचे लोकही आता तिकडे जाऊ लागले आहेत. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नऊ जण, बहुतेक शिक्षकच, बारा दिवस हा देश फिरून आलो.

शाळा उघडल्यावर एका सहकाऱ्याने हसत विचारले, "काय सर, पूर्वजांचे गाव बघून आलात वाटतं?" त्यांनी ते गमतीने म्हटले होते. पण हाच प्रश्न रस्त्यावर, भाषणात आणि मोबाईलवर गमतीने विचारला जात नाही, हे आपण सारे जाणतो. त्याला दोन तऱ्हेची उत्तरे दिली जातात. काही जण तैमूर-बाबराच्या नावाने छाती फुगवतात, तर काही जण मान खाली घालतात. मला दोन्ही उत्तरे चुकीची वाटतात. महाराष्ट्रातला बहुसंख्य मुसलमान याच मातीतला आहे. त्याच्या आजोबा-पणजोबांनी इथेच शेत नांगरले, माग चालवला, चामडे कमावले. मग समरकंदशी आपले नाते तरी कोणते? नाते आहे, पण ते राजांच्या वंशावळीत सापडत नाही.

राजा आणि पाथरवट

समरकंदला बीबी खानम नावाची प्रचंड मशीद आहे. तैमूरने १३९८ च्या डिसेंबरात दिल्ली लुटली आणि परतल्यावर १३९९ मध्ये या मशिदीचे काम सुरू केले. दिल्लीच्या तख्तावर तेव्हा कोण होता? महमूद शाह तुघलक, म्हणजे मुसलमान सुलतान. लढाईआधी हजारो कैद्यांची कत्तल झाली आणि नंतर शहर लुटले गेले. जीव वाचलेल्यांपैकी कारागीर निवडून समरकंदला नेण्यात आले. या मशिदीवर हिंदुस्थानी पाथरवट राबले, ही नोंद खुद्द बाबराने आपल्या आत्मचरित्रात केली आहे. हिंदुस्थानातून आणलेले हत्ती दगड ओढत होते.

तैमूरला घाई होती. प्रवेशद्वार ठेंगणे वाटले म्हणून त्याने ते पाडून पुन्हा बांधायला लावले. घाईचे काम फार टिकले नाही. मशिदीला लवकरच तडे जाऊ लागले आणि १८९७ च्या भूकंपात तिचा मोठा भाग कोसळला. आज दिसते ती बरीचशी विसाव्या शतकातली डागडुजी आहे.

त्या निळ्या घुमटाखाली उभे असताना माझ्या डोक्यात हेच चालले होते, की इथे माझे कोणी असेल तर तो तैमूर नाही. दिल्लीहून चालवत आणलेला, नाव कुठेही न कोरलेला तो पाथरवट माझा. तो हिंदू होता की मुसलमान, हे विचारायची मला गरज वाटली नाही. 

तैमूरच्या कबरीची इमारत, म्हणजे गुर-ए-अमीर, मात्र पाहण्यासारखी आहे. मुळात ती त्याने आपल्या अकाली गेलेल्या नातवासाठी, मुहम्मद सुलतानसाठी उभारली होती. १४०५ मध्ये तो स्वतःही तिथेच पुरला गेला. तिचा दुहेरी घुमट नीट पाहा. ही बांधणीची रीत पुढे दिल्लीच्या हुमायूनच्या मकबऱ्यात आली, तिथून ताजमहालात आणि तिथून औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, बीबी का मकबऱ्यात पोहोचली. मकबऱ्याच्या दरवाजावर वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय ही दोन नावे आहेत. समरकंदच्या पाथरवटाला जे मिळाले नाही, ते इथे निदान दोघांना मिळाले.

आकाश मोजणारा नातू

तैमूरचा दुसरा एक नातू होता उलुगबेग. रेगिस्तान चौकातल्या तीन मदरशांपैकी सर्वात जुना मदरसा त्याचा, १४१७ ते १४२० मधला. बाकीचे दोन सतराव्या शतकातले. उलुगबेगला राज्य वाढवण्यापेक्षा तारे मोजण्यात जास्त रस होता. त्याने टेकडीवर वेधशाळा बांधली. तिच्यातल्या भव्य कोनमापक यंत्राची त्रिज्या सुमारे ४० मीटर होती. दुर्बिणीचा शोध लागायला अजून जवळजवळ दोनशे वर्षे होती. तरीही त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक हजाराहून अधिक ताऱ्यांची स्थाने नोंदवली आणि वर्षाची लांबी मोजली. त्यात चूक निघते ती एका मिनिटाहूनही कमी.

१४४९ मध्ये त्याच्याच मुलाच्या इशाऱ्यावरून त्याचा शिरच्छेद झाला. वेधशाळा उद्ध्वस्त झाली, इतकी की ती कुठे होती हेही लोक विसरले. १९०८ मध्ये व्याटकिन या संशोधकाने जुन्या दस्तऐवजावरून जागा शोधून काढली. जमिनीखालची दगडी कमान तेवढी शाबूत होती. ती आज पाहता येते.

यंत्र गेले, पण तक्ते वाचले. अली कुशजी हा त्याचा सहकारी पुढे इस्तंबूलला गेला आणि ही विद्या तिकडे पोहोचली. आपल्याकडे अठराव्या शतकात सवाई जयसिंगाने दिल्ली, जयपूर, उज्जैन इथे वेधशाळा उभारल्या, तेव्हा त्याच्यासमोर उलुगबेगाचे तक्ते होते. समरकंदच्या मुसलमान राजपुत्राचे काम राजस्थानच्या हिंदू राजाने पुढे नेले. वर्गात विज्ञानाचा इतिहास शिकवताना हे एक उदाहरण पुरेसे आहे.

दरबारात न गेलेले इमाम

समरकंदजवळ खरतंग येथे इमाम बुखारी (रह.) यांची कबर आहे. जन्म ८१० मध्ये बुखाऱ्यात, मृत्यू ८७० मध्ये. वडील लहानपणीच गेले, आईने वाढवले. सोळाव्या वर्षी आई आणि भावाबरोबर हजला गेले आणि मग हदीस गोळा करत शहरामागून शहर पालथे घातले. ऐकलेली प्रत्येक गोष्ट कोणी सांगितली, त्याला कोणी सांगितली, सांगणारे दोघे एकमेकांना खरोखर भेटले होते का, हे तपासल्याशिवाय त्यांनी लिहिले नाही. आज आपण आलेला संदेश पाच सेकंदांत पुढे पाठवतो. त्यांच्या कबरीवर फातेहा पढणाऱ्याने तेवढी तरी सवय सोडून यावे.

म्हातारपणी ते बुखाऱ्याला परतले. तिथल्या राज्यपालाने सांगावा धाडला, की महालात येऊन माझ्या मुलांना शिकवा. इमामांनी नकार दिला. ज्याला शिकायचे आहे त्याने मशिदीत यावे, सर्वांबरोबर बसावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यापायी त्यांना जन्मगाव सोडावे लागले आणि खरतंगला त्यांचा इंतकाल झाला. त्या राज्यपालाचे नाव आज अभ्यासकांखेरीज कोणाला आठवत नाही.

बुखारा ते पाणचक्की

बुखाऱ्यात ११२७ मध्ये बांधलेला कल्याण मिनार आहे, सुमारे ४६ मीटर उंच. चंगेजखानाच्या १२२० च्या स्वारीतूनही तो वाचला. त्याच्या पायथ्याशी मीर-ए-अरब मदरसा आहे. सोव्हिएत काळात जवळजवळ सगळे मदरसे बंद असताना, दुसऱ्या महायुद्धानंतर हा पुन्हा उघडला आणि चालू राहिला.

शहराबाहेर ख्वाजा बहाउद्दीन नक्शबंद (१३१८-१३८९) यांचा मजार आहे. मन अल्लाहकडे आणि हात कामाकडे, ही त्यांची शिकवण. जग सोडून गुहेत बसणे त्यांना मान्य नव्हते. या सिलसिल्याची एक शाखा थेट मराठवाड्यात येते. पाणचक्कीला आपण शाळेची सहल घेऊन जातो. तिथे ज्यांची कबर आहे ते बाबा शाह मुसाफिर आणि त्यांचे गुरू बाबा शाह पलंगपोश, दोघेही बुखाऱ्याजवळच्या गिझदुवानचे. दूरच्या झऱ्याचे पाणी जमिनीखालून आणून त्यावर चक्की चालवायची आणि दळलेल्या पिठातून फकीर-वाटसरूंना जेवू घालायचे, अशी ती व्यवस्था. बुखाऱ्याची शिकवण इथे पिठाच्या रूपाने लोकांच्या ताटात पडली.

दप्तर आणि लिपी

भाषेच्या शिक्षकाला हा देश घरासारखा वाटतो. बोझोर म्हणजे बाजार, दुकोन म्हणजे दुकान, मयदोन म्हणजे मैदान, कितोब म्हणजे किताब. भट्टीत भाजलेला समसा हा आपल्या समोशाचा भाऊ. दफ्तर म्हणजे मात्र तिकडे वही. आपल्या मुलांच्या पाठीवर वह्यांचे अख्खे ओझेच दप्तर झाले. सब्जी म्हटले तर भाजीवाली गाजर पुढे करते. हे शब्द मराठीत फौजेबरोबर जितके आले, तितकेच व्यापारी, कारकून आणि फकिरांबरोबर आले.

पण एक गोष्ट जिवाला लागली. उझबेक भाषा पूर्वी अरबी लिपीत लिहीत. १९२९ च्या सुमारास रोमन लिपी आली, १९४० मध्ये रशियन, आणि स्वातंत्र्यानंतर १९९३ च्या कायद्याने पुन्हा रोमन. आजही पाट्यांवर दोन लिप्या दिसतात. ताश्कंदला हजरत उस्मान (रजि.) यांच्याशी परंपरेने जोडलेली कुरआनची प्राचीन प्रत जपून ठेवली आहे. ती पाहायला रांग लागते. पण घरातल्या पणजोबांची वही उघडली, तर पणतूला ती वाचता येत नाही. आपल्याकडे मोडीचे असेच झाले. मोडीतले असंख्य कागद वाचकाविना पडून आहेत. ज्या मुस्लिम घरांत आजोबा उर्दू वाचत आणि नातवाला अलिफ-बेही येत नाही, तिथेही तेच घडते आहे. मुलांना मराठी उत्तम यावीच. ती आपली भाषा आहे. पण उर्दू मेली तर घरातले अर्धे कपाट मुके होते.

पांढरे सोने

शेवटचे तीन दिवस आम्ही अरलच्या बाजूला गेलो. नुकुसहून मुयनाकला गाडीने काही तास लागतात. मुयनाक एकेकाळी बंदर होते. मासे पकडणे आणि डबाबंद करणे हाच तिथला धंदा. आज तिथे वाळूत गंजलेल्या बोटी उभ्या आहेत. पर्यटक त्यांच्यासमोर फोटो काढतात. पाणी तिथून शंभर किलोमीटरहून अधिक दूर गेले आहे.

१९६० पर्यंत अरल हा जगातला चौथ्या क्रमांकाचा तलाव होता, सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर. सोव्हिएत सरकारने अमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्यांचे पाणी कापसासाठी वळवले. कापसाला तिकडेही 'पांढरे सोने'च म्हणतात. आज तलावाचा जेमतेम दहावा हिस्सा उरला आहे. उघड्या पडलेल्या तळावरून मीठ आणि कीटकनाशकांची धूळ उडते, ती माणसांच्या छातीत जाते. वाळू धरून ठेवण्यासाठी आता तिथे साक्सौलची झुडपे लावली जात आहेत.

वाटेत कापसाची वेचणी चालू होती. काही वर्षांपूर्वीपर्यंत या हंगामात विद्यार्थी आणि शिक्षकांनाही सक्तीने शेतात पाठवत. देशोदेशीच्या दबावानंतर ही पद्धत मोडली आणि २०२२ मध्ये उझबेक कापसावरचा आंतरराष्ट्रीय बहिष्कार उठला. आमच्यातल्या परभणी-जालन्याच्या मंडळींना ती शेते पाहून घर आठवले. एकाच पिकाच्या मागे सगळे पाणी लावले की काय होते, हे पाहायला मराठवाड्यातल्या माणसाने मुयनाकला जरूर जावे.

वाचकहो, या देशाला जायचे असेल तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने चांगले. ताश्कंदला गेलात तर लालबहादूर शास्त्रींच्या पुतळ्याजवळही थांबा. १० जानेवारी १९६६ ला पाकिस्तानशी करार करून त्याच रात्री, ११ तारीख लागल्यावर, ते तिथेच वारले. आमच्या गटाने तिथे फुले वाहिली.

तैमूरचा पुतळा आज ताश्कंदच्या मधोमध घोड्यावर बसलेला आहे. नव्या देशाला नायक हवा होता, तो त्यांनी निवडला. तो त्यांचा प्रश्न आहे. त्याचा अभिमान आपण वाहायचे कारण नाही आणि त्याचा गुन्हा आपल्या माथी मारून घेण्याचेही कारण नाही. समरकंद-बुखाऱ्याकडून आपल्या वाट्याला आलेला वारसा निराळा आहे: तपासून बोलण्याची सवय, ताऱ्यांचे तक्ते, घुमटाची रीत, चक्कीचे पीठ, दप्तरासारखे शब्द. यातले काहीही तलवारीने टिकले नाही. कोणीतरी शिकले, कोणीतरी शिकवले, म्हणून टिकले.