विद्युत्पातापासून यंत्ररक्षण : १८८८ च्या वादाचा बोध

विद्युत्पातजन्य विभवलाटांपासून नाजूक उपकरणांचे रक्षण कसे करावे, हा प्रश्न इलेक्ट्रॉनिक युगाचा मानला जातो. परंतु त्याचा उगम तारायंत्राच्या इतिहासात आहे. दूरवर पडलेली वीजही तारेत प्रवर्तनाने प्रवाह उत्पन्न करते, हे जोसेफ हेन्री याने १८४६ मध्येच मांडले होते. तारकचेऱ्यांतून यंत्राजवळ भूमीशी जोडलेल्या अरुंद हवाफटी बसविण्यात आल्या. तथापि वीजवाहकाचा रोध अल्प असला म्हणजे पुरे, ही समजूत दीर्घकाळ टिकली.

तिला ऑलिव्हर लॉज याने १८८८ मध्ये लंडनच्या ‘सोसायटी ऑफ आर्ट्स’पुढील व्याख्यानांत धक्का दिला. लायडन पात्राच्या विसर्गापुढे त्याने जाड तांब्याची तार व हवाफट असे दोन मार्ग ठेवले. ठिणगी फटीतून गेली. वेगाने वाढणाऱ्या प्रवाहास मुख्यतः स्वप्रवर्तन अडविते, हा त्याचा निष्कर्ष होय. त्याच वर्षी बाथ येथील ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात डाकखात्याचा अभियंता विल्यम प्रीस याने अनुभवाच्या बळावर प्रचलित पद्धतीची बाजू मांडली.

वीज पात्रातील विसर्गाप्रमाणे आंदोलित होते, हे लॉजचे गृहीत पुढे टिकले नाही. स्वप्रवर्तनाचा मुद्दा मात्र टिकला. एक मीटर सरळ तारेचे स्वप्रवर्तन सुमारे १ मायक्रोहेन्री असते; प्रवाह दर मायक्रोसेकंदास १,००० अँपिअरने वाढल्यास तिच्या टोकांमध्ये सुमारे १,००० व्होल्टांचा भेद पडतो. म्हणूनच आजच्या धातु-ऑक्साइड संरक्षकाचीही जोडतार आखूड ठेवावी लागते. गृहीत चुकीचे असूनही निष्कर्ष फलदायी ठरावा, हे विज्ञानेतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये.