भांग आणि चिलीम : एका झाडाच्या दोन वाटा



चांगल्या कुळात एखादा वाईट निपजला, की ‘तुळशीत भांग उगवली’ असे आपण म्हणतो. म्हणीत भांगेला लागलेला हा कलंक जुना आहे. तथापि त्याच भांगेला आपल्या समाजात थोडी सवलतही मिळत आलेली आहे. चिलीम ओढणाऱ्यास लोक गंजेटी म्हणून हिणवितात. पण महाशिवरात्रीस किंवा होळीस थंडाईतून भांग घेणाऱ्याकडे हसून पाहतात. ओढणे ते वाईट आणि पिणे ते सौम्य, असा हा लोकांचा निवाडा आहे. त्यात तथ्य किती आणि भ्रम किती, हे इतिहासाच्या आधाराने पाहावे, असा आजच्या भाषणाचा हेतू आहे. विषय केवळ जिज्ञासेचा नाही. या भ्रमापायी अलीकडच्या काळात एका तरुणाचा प्राण गेला आहे आणि अनेक लहान मुलांना इस्पितळाची पायरी चढावी लागली आहे.

प्रथम शब्दांची फोड करू. भांग, गांजा आणि चरस ही तीन झाडे नव्हेत; ती एकाच झाडाची तीन रूपे होत. पाने वाटून जी करतात ती भांग. मादी झाडाच्या फुलोऱ्याचे शेंडे वाळवून होतो तो गांजा. आणि झाडावरचा राळेसारखा चिकट स्राव गोळा करतात तो चरस. मादक अंश पानांत कमी, फुलोऱ्यात त्याहून अधिक आणि राळेत सर्वांत अधिक असतो. एकोणिसाव्या शतकात बंगालमधील राजशाही जिल्ह्यात, हल्लीच्या बांगलादेशातील नौगाव येथे, गांज्याची मोठी लागवड होती. तेथे शेतातील नरझाडे ओळखून ती उपटून टाकणारे पारखी असत. कारण झाडांत बी धरले, की गांज्याचा कस उतरतो. मुंबई इलाख्यात हे पीक मुख्यतः तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात होत असे. यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. भांग सौम्य मानली गेली ती पानांची असते म्हणून. प्याली जाते म्हणून नव्हे. लोकांनी मात्र या दोन गोष्टी एकत्र करून टाकल्या.

आता जुन्या नोंदी पाहू. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यास आला आणि अखेरपर्यंत तेथेच राहिला. मुंबईचे बेटही काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. हिंदुस्थानातील औषधींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यातील एक संवाद भांगेवर आहे. त्यात भांगेची पूड जायफळ, जायपत्री, लवंग, कापूर अशा पदार्थांशी मिसळून खाण्याची रीत आढळते आणि साखर घालून केलेल्या माजुमाचाही उल्लेख येतो. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने मार्तीम अफोन्सो द सोझा या पोर्तुगीज सरदाराजवळ कबुली दिली होती, की रात्री पोर्तुगाल, तुर्कस्तान वा अरबस्तान फिरून यावेसे वाटले, म्हणजे आपण हे माजुम खातो. ही हकीकतही ऑर्ताने नोंदविली आहे. म्हणजे सोळाव्या शतकात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ही वनस्पती पोटाच्या वाटेने घेतली जात होती. चिलमीचे नाव ऑर्ताच्या वर्णनात नाही.

धुराची वाट अगदीच नवी होती असे मात्र नव्हे. तापलेल्या दगडांवर या झाडाचे बी टाकून उठणाऱ्या वाफेत शक लोक आरोळ्या देत, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात लिहून ठेवले आहे. तथापि आपल्या देशात हुक्क्याची चाल पसरली ती तंबाखूच्या मागोमाग. अकबराचा वकील असद बेग १६०४ च्या सुमारास विजापूरहून परतला, तेव्हा त्याने तंबाखू आणि रत्नजडित हुक्का बादशहापुढे ठेवला. वैद्यांनी हरकत घेतली, तरी बादशहाने दोन-तीन झुरके घेतलेच. जहांगिराने १६१७ मध्ये धूम्रपानास मनाई केली. पण व्यसन हुकुमाला जुमानीत नाही. तंबाखूबरोबर गांजाही चिलमीत जाऊन बसला.

त्याच शतकात दोन्ही वाटांची तुलना करणारा एक साक्षीदार आपल्याला भेटतो. टॉमस बाउरी हा इंग्रज खलाशी १६७० नंतरची काही वर्षे बंगालच्या उपसागराच्या काठाने व्यापार करीत होता. त्याचे हस्तलिखित १९०५ मध्ये लंडनमध्ये छापून प्रसिद्ध झाले. तंबाखूत मिसळून ओढल्यास भांग फार लौकर चढते आणि पाण्यात घोटून प्याल्यास अधिक सुखकर वाटते, असे तो सांगतो. पुढे त्याने व त्याच्या सोबत्यांनी ती पिऊन पाहिली. एकजण जमिनीवर बसून सारी दुपार ढसाढसा रडला. दुसऱ्याने भयाने मोठ्या रांजणात डोके घातले, ते चार तास बाहेर काढले नाही. चारपाचजण गालिच्यावर लोळत परस्परांची स्तुती करीत राहिले. आणि एकाने पडवीच्या लाकडी खांबाशी मारामारी करून बोटांची सालटी काढून घेतली. खुद्द बाउरी तीन तास घामाने निथळत बसला होता. वाचताना हसू येते. पण ते रडणे आणि ते भय किती वेळ टिकले, इकडे लक्ष द्यावे. एकदा पोटात गेलेली वस्तू परत बोलावता येत नाही.

शास्त्रीय दृष्टीने या विषयाकडे पाहिले ते कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील प्राध्यापक विल्यम ओशॉनेसी यांनी. पुढे हिंदुस्थानात तारायंत्राचे जाळे पसरविणारे ते हेच गृहस्थ. १८३९ मध्ये त्यांनी आपले प्रयोग विद्वानांपुढे मांडले. संधिवाताच्या एका रोग्यास त्यांनी दुपारी दोन वाजता या झाडाच्या राळेची एक ग्रेन मात्रा पोटात दिली. चार वाजता तो फार बडबडू लागला, गाऊ लागला आणि अधिक जेवण मागू लागला. सहा वाजता तो झोपी गेला. आठ वाजता पाहतात तो बेशुद्ध. श्वास नियमित चालू, पण हातपाय ज्या स्थितीत ठेवावेत त्याच स्थितीत राहतात! मध्यरात्र उलटल्यावर तो पूर्ववत शुद्धीवर आला. हे वेळापत्रकच आपल्या विषयाचे सार आहे. एवढीशी मात्रा, तिचा अंमल हळूहळू चढत गेला, आणि सर्वांत खोल अवस्था आली ती तब्बल सहा तासांनंतर.

१८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न निघाल्यावरून हिंदुस्थान सरकारने या पदार्थांच्या चौकशीसाठी एक कमिशन नेमले. त्याचे अध्यक्ष मॅकवर्थ यंग. सात सभासदांपैकी तीन एतद्देशीय होते. कमिशनने १,१९३ साक्षी नोंदविल्या. वेड्यांच्या इस्पितळांचे दप्तरही तपासले. १८९२ साली दाखल झालेल्यांपैकी २२२ जणांच्या वेडाचे कारण गांजा-भांग असे लिहिलेले होते. चौकशीअंती त्यांपैकी ९८ जणांच्या बाबतीतच ते कारण मान्य करण्याजोगे ठरले. १८९४ च्या अहवालात कमिशनने निष्कर्ष काढला, की बेताचे सेवन सामान्यतः अपायकारक नाही, अतिरेक मात्र अपाय करतो. सबब सरसकट बंदी नको, कर आणि नियंत्रण असावे. हा निष्कर्ष हल्ली पुष्कळजण पुढे करतात. परंतु कमिशनपुढे जी भांग होती ती पानांची, घरी घोटलेली, सणावारी वडीलधाऱ्यांच्या देखत प्याली जाणारी होती, हे ते विसरतात.

दोन वाटांत एवढा फरक का, याचा उलगडा विसाव्या शतकात झाला. १९६४ मध्ये इस्राएलमधील रॅफेल मेकूलम आणि येहिएल गाओनी यांनी या झाडातील मुख्य मादक द्रव्य शुद्ध रूपात वेगळे करून त्याची रचना निश्चित केली. त्याचे संक्षिप्त नाव टीएचसी. धूर ओढला, की हे द्रव्य फुप्फुसांतून रक्तात आणि तेथून थेट मेंदूत काही मिनिटांतच पोहोचते. ओढणाऱ्यास तत्काळ कळते आणि पुरे झाले म्हणून तो थांबू शकतो. दोन-तीन तासांत बहुतेक अंमल उतरतो. धूर फुप्फुसांस जाचतो, हा दोष त्या वाटेचा आहेच. खाल्लेले द्रव्य मात्र आतड्यांतून आधी यकृतात जाते. तेथे त्याच्या काही भागाचे दुसऱ्या एका द्रव्यात रूपांतर होते आणि हे दुसरे द्रव्यही मादकच असते. यामुळे अंमल जाणवू लागण्यास अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो. तो शिगेस पोहोचतो दोन-तीन तासांनी, आणि सहा-आठ तास किंवा त्याहून अधिक काळ टिकतो. पोट रिकामे आहे की भरलेले, यावरही पुष्कळ अवलंबून असते. धुराची वाट तारेसारखी, पोटाची वाट टपालासारखी. टपाल उशिरा आले, म्हणून आलेच नाही असे समजणारा फसतो.

असाच एक तरुण फसला. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात १ जानेवारी २०१४ पासून गांज्याची विक्री कायदेशीर झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये १९ वर्षांच्या एका विद्यार्थ्यास त्याच्या मित्राने दुकानातून घेतलेले गांज्याचे बिस्किट दिले. त्यात ६५ मिलिग्रॅम टीएचसी होते, म्हणजे साडेसहा माणसांची मात्रा. एकच तुकडा खा, असे त्यास बजावण्यात आले होते आणि त्याने तसे केलेही. अर्धा-एक तास वाट पाहून काहीच होत नाही असे वाटल्याने त्याने उरलेले सारे खाल्ले. काही तासांत त्याची वृत्ती भ्रमिष्टासारखी झाली आणि चौथ्या मजल्यावरून खाली पडून त्याचा अंत झाला. पुढे तेथे मात्रेविषयीचे नियम कडक करण्यात आले. कॅनडाने २०१९ मध्ये असे खाद्य विक्रीस खुले केले, तेव्हा एका वेष्टनात १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक टीएचसी नसावे अशी मर्यादा प्रारंभीच घातली.

मुलांची गोष्ट तर अधिक काळजीची आहे. धूर मुलांच्या हाती लागत नाही, मिठाई लागते. अमेरिकेतील विषबाधा-केंद्रांकडे सहा वर्षांखालील मुलांनी असे खाद्य खाल्ल्याच्या २०१७ साली २०७ नोंदी झाल्या. २०२१ साली त्या ३,०५४ झाल्या. गांजाही पूर्वीचा राहिलेला नाही. अमेरिकेत जप्त झालेल्या मालात टीएचसीचे प्रमाण १९९५ च्या सुमारास शेकडा ४ होते. २०१४ पर्यंत ते शेकडा १२ वर गेले.

आपल्याकडील कायद्याची रेषाही जुन्या अनुभवाला धरूनच ओढलेली आहे. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक केंद्रीय कायद्यात गांजा आणि चरस येतात. शेंड्यांवाचून असलेली नुसती पाने गांज्याच्या व्याख्येतून वगळलेली आहेत आणि भांगेचा प्रश्न बव्हंशी राज्यांकडे आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली भांगेवरही निर्बंध आहेत. ही रेषा झाडाचा कोणता भाग वापरला यावर उभी आहे. पूर्वी तेवढ्यावर भागत असे. कारण उग्र भाग बहुधा ओढला जाई आणि सौम्य भाग बहुधा प्याला जाई. आता फुलोऱ्याचा आणि राळेचा अर्क बिस्किटांत व गोळ्यांत शिरला आहे. चिलमीचा कस आणि पोटाची वाट यांचा हा संयोग आहे. आपल्या पूर्वजांसही माजुमाच्या रूपाने तो ठाऊक होता. पण तो तयार वेष्टनात, खाऊसारखा, मुलांच्या हाती पडेल असा नव्हता.

तेव्हा ‘खाल्ले तर काय होते, ती भांगच’ हे बोलणे सोडून द्यावे. भांगेची सौम्यता पानाची होती, पोटाची नव्हे. घरात कोणी मोठ्या माणसाने अजाणता असे काही खाल्लेच, तर तासाभरात काही झाले नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. त्याला एकटे सोडू नये. आणि मुलाने खाल्ल्याचा नुसता संशय आला, तरी वाट न पाहता त्याला इस्पितळात न्यावे आणि काय खाल्ले ते डॉक्टरांस संकोच न करता सांगावे.