रेवदंडा, २४ जून २०१५ : भांगाची रात्र

अलिबाग तालुक्यातल्या रेवदंड्याच्या किनाऱ्याला जिवंत निळा देवमासा लागला. लांबी सुमारे ४२ फूट, वजन अंदाजे २० टन. त्याच्या जातीत हे वाढतं पोरच. खालच्या वेळा कोळ्यांच्या हिशोबाच्या आहेत : तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ.

बुधवार, संध्याकाळी ६ : अधिक आषाढ शुद्ध अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. भरती पूर्ण झाली, पण अष्टमीला ती भांगाची असते. उधाणासारखं पाणी वर चढत नाही.

रात्री ९ : ओहोटी अर्ध्यावर. समुद्रात पाणी देवमाशाचं वजन तोलून धरतं. वाळूवर तेच वजन त्याच्या फुप्फुसांवर येतं. चरबीच्या थरामुळे अंगातली उष्णताही बाहेर पडत नाही.

रात्री १२ : पाणी तळाला. त्या रात्री गावकरी आणि वनखात्याची माणसं त्याला समुद्रात लोटायला झटत होती. अशा वेळी माणसाच्याही जिवाला धोका असतो. शेपटीच्या एका फटक्यात हाडं मोडतात. देवमासा आणि समुद्र यांच्या मधे उभं राहिलं, तर लाटेसरशी तो अंगावर कलंडतो. डोक्यावरच्या नासारंध्रातून उडणाऱ्या फवाऱ्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो. ओली चादर देवमाशाच्या अंगावर घालावी, पण नासारंध्र मोकळं ठेवावं. शेपटीला दोर बांधून ओढू नये, मणका दुखावतो.

पहाटे ३ : पाणी परत अर्ध्यावर चढलेलं. देवमाशाचं बळ मात्र तासातासाला घटत जातं.

गुरुवार, सकाळी पावणेसात : नवमीची भरती, तीही भांगाचीच. उधाण यायला २ जुलैची पौर्णिमा उजाडावी लागणार होती. रात्रभराच्या धडपडीनंतर त्या सकाळी देवमासा मेला.

माणसांनी कसूर केली नाही. भरती मात्र भांगाची होती. म्हणून पाणी पुरतं उतरण्याआधीचा पहिला तास मोलाचा. तो हातचा जाऊ नये म्हणून काशीद, नागाव, रेवदंडा, कुठेही फळी घेऊन लाटांवर जाणाऱ्याने त्या दिवसाची तिथी आणि भरतीची वेळ ठाऊक करून घेऊनच पाण्यात उतरावं. देवमासा, डॉल्फिन किंवा कासव अडकलेलं दिसलं, तर लांब राहून आधी वनखात्याच्या १९२६ वर फोन करावा, गर्दी मागे हटवावी आणि पाणी चढतंय की उतरतंय ते सांगावं. फोटो नंतरही काढता येतात. उतरलेली भरती मात्र बारा तास तरी परत येत नाही.