कोशातल्या रक्ताची परीक्षा



उकिरड्यावर घोंघावणारी माशी तुम्ही रोज पाहता. तिची अळी घाणीत जन्मते आणि घाणीतच वाढते. भोवती जंतूंचा नुसता बुजबुजाट असतो. मग ती स्वतः सडून का जात नाही? एखाद्या चौकस मुलाने वर्गात हा प्रश्न विचारला, तर त्याला गप्प बसवू नका. याच प्रश्नापायी काही माणसांनी आपली उमेदीची वर्षे वेचली. त्यांची हकीकत आज तुम्हांला सांगावयाची आहे.

लस टोचली की आपल्या रक्तात त्या त्या रोगाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, हे शाळेतही शिकवतात. कीटकांत अशी प्रतिपिंडे होत नाहीत. तरीसुद्धा १९२० च्या सुमारास पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मेताल्निकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाला नवल दिसले. मधमाश्यांच्या पोळ्यातले मेण खाणाऱ्या अळ्यांना त्याने आधी जंतूंची जणू लसच टोचली. पुढे मारक जंतू टोचले तरी त्या तग धरू लागल्या. बचाव होतो हे दिसले, पण तो कशाने होतो हे कळेना.

हा धागा स्वीडनमधील हान्स बोमान यांनी उचलला. उमेओ येथील विद्यापीठात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम फळमाशीवर प्रयोग केले व १९७२ मध्ये ते प्रसिद्ध केले. पण फळमाशी ती केवढीशी! तिच्या अंगातून रस तो किती निघणार? म्हणून त्यांनी उत्तर अमेरिकेतील सेक्रोपिया नावाच्या मोठ्या पतंगाचे कोश घेतले. विदर्भात ऐनाच्या झाडावर वाढणारा टसरचा किडा याच कुळातला. ज्यांनी कोसा हातात घेतला आहे, त्यांना त्याच्या आकाराची कल्पना येईल.

कोशातला जीव हिवाळाभर निजलेला असतो. अंगातले बहुतेक व्यवहार थंडावलेले. आता यातली सोय पाहा. सारे गाव झोपले असताना एका घरात दिवा लागला, तर तो लांबूनही दिसतो. तसेच निजलेल्या कोशात एखादा नवा पदार्थ तयार झाला, तर तो चटकन ओळखू येतो.

परीक्षेची रीत साधी होती. कोशाला निरुपद्रवी जंतू टोचायचे, काही दिवस थांबायचे आणि मग त्याचे रक्त काढायचे. हे रक्त आपल्यासारखे लाल नसते बरं का! दुसरीकडे काचेच्या थाळीत खरवसासारखा थिजणारा एक थर ओतायचा. त्यात जंतू आधीच मिसळलेले. थराला बारीक भोके पाडून त्यांत रक्ताचा थेंब सोडायचा आणि रात्रभर उबेला ठेवायचे. सकाळी सगळी थाळी जंतूंनी गढूळ होई. पण थेंबाभोवती मात्र स्वच्छ कडे! जेवढे कडे मोठे, तेवढा रस जालीम. न टोचलेल्या कोशाच्या रक्ताभोवती असे कडे उमटेना. म्हणजे हे औषध आधीपासून साठवलेले नव्हते. शत्रू आत शिरल्यावरच ते तयार होत होते.

काहींना वाटे, हे काम लायसोझाइमचे असेल. फ्लेमिंगने १९२२ मध्ये माणसाच्या नाकातील स्रावात शोधलेला हा पदार्थ कीटकांतही सापडतो. पण बोमान यांनी थाळीत असा जंतू घेतला होता, की ज्याला लायसोझाइम एकट्याने मारू शकत नाही. तरीही कडे पडले. तेव्हा कर्ता दुसराच कोणी असला पाहिजे! बोमान १९७६ मध्ये स्टॉकहोमला गेले, तेथे रक्तातले घटक वेगळे करण्याचे काम चालले, आणि १९८१ मध्ये तो पदार्थ नावानिशी जगापुढे आला : सेक्रोपिन. सदतीसेक दुव्यांची ही लहानशी साखळी. पखालीला भोके पडावीत, तशी ती जंतूच्या आवरणाला भोके पाडते आणि जंतू मरतो.

पुढे बेडकापासून माणसापर्यंत अनेक प्राण्यांत या धर्तीचे पदार्थ सापडले. जंतू शिरल्याची वर्दी फळमाशीच्या शरीराला कशी पोचते, याचा उलगडा फ्रान्समधील ज्यूल्स हॉफमन यांच्या गटाने १९९६ मध्ये केला. त्याबद्दल त्यांना २०११ च्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

मग हे औषध दुकानात का मिळत नाही, असे तुम्ही विचाराल. गोळी करून पोटात घेतली, तर पाचकरस त्या साखळीचे तुकडे करतात. शिवाय जंतूही काही कमी नाहीत. कपाशीमुळे 'बीटी' हे नाव गावोगाव पोचले. ते ज्या जंतूवरून पडले, तो कीटकांचाच वैरी. त्याच्याजवळ सेक्रोपिन तोडणारा पदार्थ असतो, हे स्वीडनमध्येच १९८४ साली दाखवले गेले. हत्यार आले की त्यावर ढालही येते.

हीच गोष्ट आपल्या औषधांचीही आहे. अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट औषधाला दाद न देण्यास शिकतात, असा इशारा पेनिसिलिनच्या शोधाबद्दल नोबेल स्वीकारताना १९४५ मध्येच फ्लेमिंगने दिला होता. म्हणून डॉक्टरांनी न सांगता प्रतिजैविके घेऊ नका, उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका, आणि गुराढोरांनाही अंदाजाने देऊ नका. नवे औषध सापडायला किती वर्षे लागतात, हे आता तुम्ही पाहिलेच आहे.