तमिळ, मंगोल आणि भाषेचे गोत्र

परवा अभ्यासवर्ग संपल्यावर एका तरुण कार्यकर्त्याने मोबाईल पुढे केला. फिरत फिरत आलेला संदेश होता : तमिळ आणि मंगोल भाषेचे व्याकरण सारखे आहे, म्हणून द्रविड आणि मंगोल एकाच वंशाचे. वाचून त्याला बरे वाटले होते. पण बरे वाटणे हा पुरावा नव्हे.

साम्य मात्र खोटे नाही. घराला तमिळमध्ये 'वीडु' म्हणतात, मंगोलमध्ये 'गेर'. अनेक घरे म्हणजे 'वीडुगळ' आणि 'गेरूद'. घरांतून म्हणजे 'वीडुगळिलिरुंदु' आणि 'गेरूदेस'. दोन्हीकडे मूळ शब्द जागचा हलत नाही, त्याच्या मागे मालगाडीच्या डब्यांसारखे एकेक प्रत्यय जोडले जातात. 'मी पुस्तक वाचले' हे वाक्य तमिळमध्ये 'नान पुत्तगम पडित्तेन' आणि मंगोलमध्ये 'बी नोम उन्शसन'. क्रम अगदी आपल्या मराठीसारखाच, क्रियापद शेवटी. आणखी एक गंमत आहे. 'आपण' आणि 'आम्ही' हा भेद हिंदीच्या 'हम'मध्ये नाही, तो तमिळमध्ये आहे (नाम, नांगळ) आणि जुन्या मंगोल भाषेतही होता (बिदा, बा).

हे साम्य पाहून पहिल्यांदा भुलला तो आपला कार्यकर्ता नव्हे. तिरुनेलवेली भागात काम करणारे मिशनरी रॉबर्ट काल्डवेल यांनी 1856 मध्ये द्रविड भाषांचे तुलनात्मक व्याकरण प्रसिद्ध केले. तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम ही संस्कृतची लेकरे नाहीत, त्यांचे स्वतंत्र कुटुंब आहे, हे त्यांनी सविस्तर मांडले. त्याआधी 1816 मध्ये मद्रासच्या फ्रान्सिस एलिस यांनी तेच थोडक्यात दाखवले होते. पण काल्डवेल तिथे थांबले नाहीत. द्रविड भाषांचे नाते त्यांनी 'सिथियन' गटाशी जोडले आणि त्या गटात तुर्की, मंगोल, फिनिश सगळ्यांनाच बसवले. पहिला निष्कर्ष आजही टिकून आहे. दुसरा भाषाशास्त्राने टाकून दिला.

का टाकला, हे समजून घ्या. प्रत्यय मागे लावणे आणि क्रियापद शेवटी ठेवणे ही रचना जपानी, कोरियन, तुर्की भाषांतही आहे. रचना म्हणजे रक्त नव्हे. नाते ठरवायचे तर रोजचे, सहसा उसने न घेतले जाणारे शब्द घ्यावे लागतात आणि त्यांच्या ध्वनींत नियमित मेळ दिसावा लागतो. डोळा, हात, पाणी, तीन हे शब्द घेऊ. तमिळ : कण, कै, नीर, मून्रु. कन्नड : कण्णु, कै, नीरु, मूरु. बहिणी लगेच ओळखू येतात. मंगोल : नुद, गार, उस, गुरव. कुठे काही जुळते का? आता 'गुरव' ऐकून कुणी आपल्या गावच्या देवळातल्या गुरवाचे मूळ मंगोलियात शोधू लागला तर आपण हसू. वंशाचे संदेश याच पद्धतीने तयार होतात.

बारकाईने पाहिले तर व्याकरणातही अंतर आहे. तमिळ क्रियापद कर्ता सांगते : पडित्तेन (मी), पडित्ताय (तू), पडित्तान (तो). मंगोलमध्ये तिघांनाही 'उन्शसन'च. उलट मंगोल प्रत्यय शब्दातला स्वर पाहून रंग बदलतो. 'गेर'ला 'एस', 'गार'ला 'आस', 'नोम'ला 'ओस'. तमिळमध्ये असा नियम नाही. आणि ज्या 'ट', 'ण', 'ळ' यांच्याशिवाय तमिळ बोलताच येत नाही, ते ध्वनी मंगोलमध्ये नाहीत.

आता दुसऱ्या बाजूचा संदेश. 'संस्कृत ही सर्व भाषांची जननी' हा दावा आपण रोज ऐकतो. मंगोल भाषेतली ग्रहांची नावे बघा : मंगळ 'अंगारग', बुध 'बुद', गुरू 'बरहसबाद', शुक्र 'सुगर', शनी 'संचिर'. अंगारक, बृहस्पती, शनैश्चर, सगळे उघड दिसते. तमिळ मात्र मंगळाला 'सेव्वाय' म्हणते, म्हणजे लाल. शुक्राला 'वेळ्ळि', म्हणजे पांढरा. बुध आणि शनी तिने उसने घेतले आहेत. म्हणजे संस्कृतच्या शेजारी राहिलेल्या तमिळने आपले काही शब्द जपले आणि हजारो मैल दूरच्या मंगोलने ते उसने घेतले. म्हणून मंगोल संस्कृतची मुलगी झाली का? नाही. हे शब्द बौद्ध ग्रंथ आणि पंचांगांबरोबर, मध्य आशियातून आणि तिबेटमधून गेले. 'रत्न' उइगुरांमार्फत जाऊन 'एर्देने' झाले आणि आज मंगोल माणसांच्या नावांत सापडते. जननीच्या दाव्याला आपण जी मोजपट्टी लावतो, तीच आपल्याला आवडणाऱ्या संदेशालाही लावावी लागेल.

यात आपला संबंध कुठे येतो? काल्डवेल यांनी परिशिष्टात एक प्रश्न चर्चेला घेतला होता : परैयर हे द्रविड आहेत का? त्यांचे उत्तर होकारार्थी होते. पण असा प्रश्न पडावा, यातच त्या काळचे सगळे आले. वंशाची यादी तयार होऊ लागली की अस्पृश्याला आधी दाराबाहेर उभे करून त्याची ओळख तपासली जाते. बाबासाहेबांनी हे नेमके ओळखले होते. 1948 च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी 'द्रविड' हे 'तमिळ' शब्दाचेच संस्कृत रूप आहे असे मांडले, नागांची भाषा तमिळ होती असेही म्हटले. पण त्याच प्रकरणात अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात आहे हा सिद्धांत त्यांनी मोजमापांच्या आधारे खोडून काढला. आपण पहिला भाग आवडीने सांगतो, दुसरा विसरतो.

पंडित अयोथी दास यांनी 1898 मध्ये मद्रासला शाक्य बौद्ध संस्था स्थापन केली. पुढे 1907 पासून पत्र काढून परैयर हे मूळचे बौद्ध असल्याचे ते तमिळ ग्रंथांच्या आधारे मांडत राहिले. त्यांचे सगळेच निष्कर्ष मान्य व्हावेत असे नाही, पण 'मणिमेकलै'सारखे बौद्ध महाकाव्य ज्या भाषेत आहे, तिथे पुरावा शोधायला मंगोलियापर्यंत जावे लागत नाही.

तरी या दोन भाषांत एक खरा दुवा आहे, आणि तो रक्ताचा नाही. वर दिलेल्या वाक्यातला 'नोम' पुन्हा पाहा. मूळ ग्रीक 'नोमोस', म्हणजे कायदा. सोग्दी लोकांकडून तो उइगुर बौद्धांकडे गेला आणि त्यांनी 'धम्म' या अर्थी वापरला. मंगोल भाषेत तो धम्म झाला, मग धम्माचा ग्रंथ आणि आज कुठलेही पुस्तक, शाळेतले गणिताचेसुद्धा. तमिळचा 'पुत्तगम'ही उसनाच आहे. तिचा स्वतःचा शब्द 'नूल'. त्याचा अर्थ पुस्तक, आणि सूतही.