कॅमेरा आधीच सुरू होता

एप्रिल १९३४. कल्व्हर सिटीतला एमजीएम स्टुडिओ. ‘द थिन मॅन’चं चित्रण चाललंय आणि तुम्ही केबलींत पाय अडकू नये म्हणून जपून उभे आहात. समोर न्यूयॉर्कमधला बार उभारलाय. अमेरिकेतली दारूबंदी उठून चारच महिने झालेत. उघडपणे पिणं अजून नवलाचंच आहे.

दिग्दर्शक व्हॅन डाइक विल्यम पॉवेलला सांगतो, दिवे आणि आवाज तपासायचेत, तेवढ्यात शेकर घेऊन प्रसंग नुसता करून बघ. पॉवेल बारमागे जातो, मनाने एक-दोन वाक्यं घालतो, रमतो. तेवढ्यात व्हॅन डाइक ओरडतो, झाला शॉट! कॅमेरा आधीच सुरू होता. पॉवेलच्या चेहऱ्यावरचा तो मोकळेपणा तालमीत घोटून आला नसता, हे तुम्हाला तिथेच पटतं.

आता मर्ना लॉय येते. आजवर तिच्या वाट्याला बहुतेक मोहिनी घालणाऱ्या खलनायिका आल्या. इथे ती हातात नाताळच्या खरेदीची पुडकी आणि पुढे ओढणारा कुत्रा घेऊन आत शिरते आणि सपशेल आडवी पडते. एवढ्या पडण्यातून लॉयची नोरा तुमच्या घरातली होते.

हॅमेटच्या मूळ कादंबरीतला खून, गायब झालेला संशोधक, संशयितांची रांग, हे सगळं आहेच. पण व्हॅन डाइकने पटकथाकारांना आधीच बजावलंय, रहस्यापेक्षा निक आणि नोरा या नवरा-बायकोकडे बघा. पटकथा लिहिणारे गुडरिच आणि हॅकेट स्वतःच नवरा-बायको! म्हणून तो प्रसंग नीट बघा: रडणारी तरुण डोरोथी निकच्या मिठीत, आणि दारात नोरा. निक तोंड वेडंवाकडं करतो, नोरा नाक मुरडून उत्तर देते. संशय नाही, आकांत नाही. इतका विश्वास दाखवायला दुसऱ्या चित्रपटाला दहा संवाद लागले असते.

निकच्या भूमिकेसाठी पॉवेलला ऑस्करचं नामांकन मिळालं, लॉयला नाही. माझ्या मते हा उघड अन्याय होता, कारण त्याचा प्रत्येक विनोद तिच्या नजरेवर तोललेला आहे. स्पर्धेतलं नामांकन तिला आयुष्यात कधीच मिळालं नाही. १९९१ साली अकादमीने तिला मानद ऑस्कर दिलं, तेव्हा पॉवेल जाऊन सात वर्षं झाली होती. चित्रपट पाहाल तेव्हा पॉवेल बोलत असताना लॉयकडे बघा.